दर हाताला दोन इंच

रविवार, ९ एप्रिल १९७८. सकाळी ७.

काल पाडवा झाला. संकल्प मुद्दाम एक दिवस उशिरा करतो आहे. पाडव्याचे संकल्प सगळेच करतात आणि सगळ्यांचेच मोडतात.

संकल्प: २८ मे रोजी तलावावर होणाऱ्या जलतरण स्पर्धेत ‘चाळीस वर्षांवरील पुरुष, पन्नास मीटर फ्रीस्टाइल’ या गटात पहिल्या तिघांत येणे. अर्ज भरला. एकूण पाच अर्ज आहेत. त्यातला एक आमच्या ऑफिसातले डिस्पॅच क्लार्क रुपराव यांचा. वय अठ्ठेचाळीस, आणि पोट वयापेक्षा मोठं. पाण्यात ते फार तर तरंगतील.

कारणही लिहून ठेवतो. प्रेमलताची दहावीची परीक्षा संपली. तिला तलावावर महिलांच्या जूनच्या बॅचमध्ये पोहायला शिकायचं आहे. फॉर्म घेऊन आली. पालकाची सही लागते. मी नाही म्हटलं. पोहणं ही शास्त्राची गोष्ट आहे, आधी तंत्र, मग पाणी. ती म्हणाली, मग तंत्र म्हणजे काय ते तुम्ही दाखवा. शेवटी असं ठरलं: मी पहिल्या तिघांत आलो तर तिने यंदा विषय काढायचा नाही. नाही आलो तर मी सही करायची. फॉर्मची मुदत ३१ मे. फॉर्म या डायरीतच ठेवला आहे, म्हणजे हरवणार नाही आणि कुणाला सापडणारही नाही.

बायको यमू शेजारी बसून गहू निवडत होती. ती उमरेडची. तिकडे तोंडावर बोलायची पद्धत आहे. म्हणाली, “कन्हानच्या पुरातून पोहून गेले म्हणता ना? मंग तलाव म्हणजे टाकंच झालं तुम्हाले.”

कन्हानची गोष्ट प्रेमलता लहानपणापासून ऐकत आली आहे. १९५१ साली मी भर पुरात कन्हान पार केली. पूर होता. निदान वरच्या अंगाला पाऊस झाला होता, असं नावाडी म्हणाला होता.

सोमवार, १० एप्रिल. रात्री ९.

ऑफिसातून येताना बर्डीच्या फुटपाथवर पोहण्याचं इंग्रजी पुस्तक मिळालं. कव्हर नाही, मधली काही पानं नाहीत, पण चौथं प्रकरण शाबूत आहे. तेच महत्त्वाचं.

चौथ्या प्रकरणाचा सारांश: हात पाण्यात घातल्यावर लगेच मागे ओढू नये. आधी पुढे लांबवावा, खांद्यापासून लांबवावा. आपण वरच्या फळीवरचा डबा काढतो आहोत अशी कल्पना करावी.

हिशेब केला. पन्नास मीटरला मला साठ हात मारावे लागतील. दर हाताला दोन इंच जास्त मिळाले तर एकशेवीस इंच. म्हणजे दहा फूट. म्हणजे तीन मीटर. बाकीचे चौघे पन्नास मीटर पोहतील, मी सत्तेचाळीसच पोहणार. ही गोष्ट नागपुरात अजून कुणाच्या लक्षात आली नसावी.

बुधवार, १२ एप्रिल. सकाळी ६.

सराव सुरू. आतल्या खोलीत बाकावर पालथं पडून. डाव्या बाजूला कपाट आहे, त्यामुळे डावा हात लांबवता येत नाही. काही बिघडत नाही. पुस्तकातल्या चारही चित्रांत उजवाच हात दाखवला आहे. डावा पाण्याखाली आहे. त्याला महत्त्व असतं तर काढला असता.

प्रगती मोजायची सोय केली. भिंतीला उजवी बाजू लावून उभं राहायचं, हात वर ताणायचा, मधल्या बोटाच्या टोकाशी पेन्सिलची रेघ, शेजारी तारीख. प्रेमलताची उंची आम्ही याच भिंतीवर मोजायचो. तिच्या रेघा चौदाव्या वर्षी थांबल्या. माझ्या सुरू झाल्या.

रविवार, १६ एप्रिल.

अर्धा इंच वाढ! चार दिवसांत.

यमूने दारातून पाहिलं. म्हणाली, “हात नाही वाढून राहिला तुमचा. टाचा उचलून राहिले तुम्ही.” तिला समजावलं की शरीर नखापासून टाचेपर्यंत एक असतं. तिने मान हलवली, पण ती पटल्याची नव्हती.

यापुढे मोजताना दार लावून घेणे.

गुरुवार, २० एप्रिल.

तलावावर अजून गेलो नाही. कारणं: (१) पाणी बदलणार आहेत असं ऐकलं. (२) पोहायची चड्डी शिंप्याकडे. (३) तंत्र पक्कं होण्याआधी पाण्यात गेलं तर जुन्या सवयी परत येतात.

ऑफिसात मात्र वेळ वाया घालवत नाही. वरच्या रॅकवरच्या फायली स्टूल न घेता काढतो. आज रुपराव बराच वेळ पाहत होते. शेवटी म्हणाले, “काहून गा केशवराव, फाईल तर टेबलावर हाये तुमच्या.” मी हसलो. गुपित सांगण्यात अर्थ नव्हता.

रुपराव रोज पहाटे तलावावर जातात असं कळलं. ज्याच्याकडे तंत्र नाही त्याला रोज जावंच लागतं, बिचाऱ्याला.

रविवार, २३ एप्रिल.

पुस्तकात डब्याची कल्पना करा असं म्हटलं आहे. घरात प्रत्यक्ष फळी असताना कल्पना कशाला, असा विचार केला. सगळ्यात वरची फळी, सगळ्यात मागची बरणी. हात पोचला. अगदी सुरेख पोचला. बोटं बरणीला लागली, आणि खांद्यापासून अजून एक इंच पुढे गेलो.

बरणी पलीकडून पडली. गेल्या वर्षीचं कैरीचं लोणचं.

लांबी आहे, पकड नाही. पकडीबद्दल सहावं प्रकरण होतं, ते पुस्तकात नाही.

मंगळवार, २५ एप्रिल.

जेवण: वरण, भात. कालही वरण, भात. यमू बोलत नाही. प्रेमलताने विचारलं की यंदाचं लोणचं घालेपर्यंत असंच का. यमूने आणखी वरण वाढलं.

रविवार, ३० एप्रिल. सकाळी १०.

पहिला दिवस पाण्यात. तलाव पंचवीस मीटरचा. पन्नास मीटर म्हणजे जायचं, समोरच्या भिंतीला हात लावायचा आणि परत यायचं. तळाला काळ्या रेघा आहेत, वर दोऱ्या नाहीत.

उडी चांगली पडली. पुस्तकात डोकं खाली ठेवा असं आहे, ते ठेवलं. डोळ्यांबद्दल काही लिहिलेलं नाही. पाण्यात औषध टाकतात, म्हणून मिटले. उजवा हात लांबवला, ओढला. लांबवला, ओढला. असा वेग मी आयुष्यात अनुभवला नव्हता. सातआठ हातांतच भिंत आली. पाहतो तर डाव्या बाजूची. कठड्यावर पाय सोडून एक म्हातारे गृहस्थ बसले होते, त्यांचा पाय माझ्या हातात.

तलाव डावीकडे उतरता बांधला आहे, असा संशय आहे.

तिथले शिकवणारे भैय्याजी जवळ आले आणि विचारलं, “साहेब, कुठच्या विहिरीत शिकले तुम्ही?” जाणकार माणूस. एका नजरेत ओळखलं.

सोमवार, १ मे.

सुट्टी. तलावावर गर्दी असणार, म्हणून गेलो नाही.

भैय्याजींच्या प्रश्नामुळे जुने दिवस आठवले. आमचं गाव पारशिवनीजवळ. शेतातली विहीर, तीस फूट रुंद. दादाजी काकांनी पाठीला पांगाऱ्याचा ओंडका बांधून ढकलून दिलं होतं. त्यांचा नियम कडक होता: सगळ्या पोरांनी एकाच दिशेने फिरायचं, भिंत कायम डाव्या हाताला ठेवायची, म्हणजे टक्कर होत नाही. डावा हात आखडता, उजवा मोकळा. मी एका दमात चाळीस फेऱ्या मारायचो. तलावात पोहणाऱ्यांना ही ताकद कळायची नाही. तलावात पंचवीस मीटरला भिंत येते. विहिरीला दुसरं टोकच नसतं.

रविवार, ७ मे.

भिंतीवर दोन इंच पूर्ण! तीन आठवडे आधीच. दार लावून मोजलं.

तलावावर चार वेळा प्रयत्न केला, चारही वेळा डावीकडे गेलो. पहिल्यांदा निम्म्या अंतरावर, नंतर त्याच्याही अलीकडे. हात जसा सुधारतो आहे तसा तलावाचा दोष जास्त जाणवतो आहे. पश्चिमेकडून वारंही होतं. व्यवस्थापकांना उतारासंबंधी लेखी अर्ज दिला. त्यांनी ठेवून घेतला.

भैय्याजींनी काठावरून वाकून सांगितलं, “तुमचा उजवा हात भल्ला दूर जाते, साहेब. डावा कुठी ठेवला?”

भल्ला दूर जाते. हे त्यांचे शब्द.

गुरुवार, ११ मे.

सेहेचाळीस डिग्री. कूलर बिघडला. सराव नाही.

शुक्रवार, १२ मे.

सेहेचाळीस. कूलर दुरुस्त झाला. त्याच्यासमोरून उठावंसं वाटलं नाही. सराव मनातल्या मनात केला. अठ्ठेचाळीस हात.

रविवार, १४ मे.

प्रेमलता माझं घड्याळ घेऊन तलावावर आली, वेळ मोजायला. पायऱ्यांवर बसली. वेळ मोजता आली नाही, कारण मी समोरच्या भिंतीपर्यंत गेलो नाही. तिथे बसून तिने वहीच्या कागदावर माझ्या मार्गाचं चित्र काढलं. केळ्यासारखं दिसतं. मुलीची चित्रकला पहिल्यापासून बेताचीच.

परत येताना तिने विचारलं की मी डोळे उघडे ठेवतो का, आणि डावा हात पण लांब केला तर. मी म्हटलं की तिने चौथं प्रकरण वाचलेलं नाही. ती म्हणाली, वाचलं आहे. दोनदा. डाव्या हाताचं चित्र नाही, पण दोन ठिकाणी ‘दोन्ही हात’ असं लिहिलं आहे.

पाहिलं. लिहिलं आहे. छपाईची चूक असावी.

ती तलावाकडे ज्या नजरेने पाहते ते मला दिसतं. सायकलवर बसूनही दोनदा मागे वळून पाहिलं. पण ठरलं म्हणजे ठरलं.

रविवार, २१ मे.

तीन इंच. आता रेघ इतकी वर गेली आहे की तारीख लिहायला स्टूल घ्यावं लागलं.

नवा हिशेब: साठ गुणिले तीन, एकशेऐंशी इंच, पंधरा फूट. म्हणजे साडेपंचेचाळीस मीटरच पोहायचं.

रुपरावांना चहा पाजला. खेळ म्हटला की हारजीत चालायचीच, वाईट वाटून घेऊ नका, असं आधीच सांगितलं. त्यांनी दुसरा चहा मागवला. म्हणाले, “मले कायचं वाईट वाटते? मी तं पाण्यात थंड वाटते म्हणून जातो.” यालाच महत्त्वाकांक्षा नसणं म्हणतात.

गुरुवार, २५ मे.

उजव्या खांद्यात हात वर केला की कट असा आवाज येतो. पुस्तकात पान बावन्नवर म्हटलं आहे, “सरावाच्या या टप्प्यावर खांद्यात थोडं दुखू लागलं तर त्याचा अर्थ.” त्रेपन्न नंबरचं पान फाटलेलं आहे.

चांगलाच अर्थ असणार.

रविवार, २८ मे. पहाटे ५.

झोप उत्तम झाली. दोन वाजल्यापासून जागा आहे.

फॉर्म काढून पाहिला. स्वच्छ आहे, घडी नीट आहे. हरल्यावर प्रेमलताला... म्हणजे मी जिंकल्यावर प्रेमलताला वाईट वाटेल, म्हणून तिला तंत्राचं पुस्तक भेट द्यायचं ठरवलं आहे. पुढच्या वर्षी पाहू.

यमू येते आहे. डब्यात पोहे घेतले. नवीन लोणचं अजून मुरलं नाही, असं ती माझ्याकडे पाहून म्हणाली.

रविवार, २८ मे. दुपारी १२.

पहिला आलो.

तक्रार झाली आहे. निकाल राखून ठेवला.

रविवार, २८ मे. संध्याकाळी ६.

हे डाव्या हाताने लिहितो आहे. थोडक्यात लिहितो.

शिट्टी झाली. उडी मारली. डोकं खाली, डोळे बंद, उजवा हात लांब. असा लांब कधी गेला नव्हता. भिंत लागली. वळलो, पायाने भिंतीला रेटा दिला आणि परत निघालो. पुन्हा भिंत लागली. शेवटचा हात मी इतका लांबवला की भिंतीवर जोरात आपटला आणि खांद्यातून कट असा आवाज आला, गुरुवारच्यापेक्षा मोठा. डोळे उघडले. शेजारी कुणीच नव्हतं. बाकीचे चौघे अजून त्या टोकालाही पोचले नव्हते. मी डावा हात वर केला. उजवा होईना.

लोक टाळ्या वाजवत होते. काही जण बसून वाजवत होते, काही जण पोट धरून.

मग भैय्याजी काठावर उकिडवे बसले आणि म्हणाले, “साहेब, समोरची भिंत तं तिथीच हाये अजून. तुम्ही बाजूची लावली.”

त्यांच्या अंदाजाने मी तीस मीटर पोहलो. चौथ्या प्रकरणाने साडेचार वाचवले असते. मी वीस वाचवले.

रुपराव दुसरे आले. म्हणजे नंतर पहिले केले. संथ आले, डोकं वर ठेवून, समोर बघत, जणू बाजारात चालले आहेत. बक्षीस घेऊन तडक माझ्याकडे आले, माझ्या खांद्यावरून पंचा गुंडाळला आणि हाडवैद्याचा पत्ता सांगितला.

यमू हसली. भैय्याजी हसले. तो पाय धरलेला म्हातारा फार हसला. प्रेमलता हसली नाही. ती टॉवेल घेऊन पायरीवर उभी होती. तिने फॉर्मचा विषय काढला नाही. घरी येईपर्यंत काढला नाही.

सोमवार, २९ मे.

रजा. हात गळ्यात बांधला आहे. तीन आठवडे.

विचार केला. स्पर्धेच्या नियमात ‘भिंतीला हात लावणे’ असं आहे. कोणत्या भिंतीला ते स्पष्ट नाही. त्या अर्थाने मी पहिल्या तिघांत येतो. अपील करता येईल. अपिलाचा निकाल ३१ मेच्या आत लागणार नाही, आणि निकाल लागेपर्यंत सहीचा प्रश्न उद्भवत नाही.

अपिलाचा मसुदा डाव्या हाताने लिहायला घेतला. दोन ओळी झाल्या. दोन्ही तिरप्या.

मंगळवार, ३० मे.

दुपारी प्रेमलता बाकावर पालथी पडून हात लांबवत होती. कपाट तिने यमूच्या मदतीने दोन फूट सरकवलं होतं. आधी उजवा. मग डावा. मी दारात आहे हे तिला माहीत नव्हतं.

नंतर उठली आणि बाकावरची चादर नीट केली. उद्या शेवटची तारीख आहे. तिने कॅलेंडरकडे पाहिलं नाही. न पाहण्यासाठी तिला मान वळवून जावं लागलं.

अपील करत नाही. डाव्या हाताने अक्षर चांगलं येत नाही, हे मुख्य कारण.

बुधवार, ३१ मे.

डायरीतून फॉर्म काढला. डाव्या हाताने सही केली. प्रेमलता सायकल काढून वाऱ्यासारखी गेली. पाऊण तासाने परत आली. खिडकीवरच्या बाबूने सही घेतली नाही. म्हणाला, ही सही आहे की कुणी पेन चालतं का पाहिलं?

खिडकी बंद व्हायला अर्धा तास राहिला होता. यमूने पदराला हात पुसले, फॉर्म घेतला, खोडलेल्या सहीच्या खाली आपली सही केली. मी यमूची सही लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिली. एका सरळ रेघेत करते.

प्रेमलता पुन्हा सायकलवरून गेली. फॉर्म स्वीकारला.

रविवार, ४ जून. सकाळी ११.

महिलांच्या बॅचला पुरुषांना आत सोडत नाहीत. मी फाटकाबाहेर कोरडा टॉवेल घेऊन उभा होतो. आतून पाण्याचा आणि हसण्याचा आवाज येत होता. हसणं माझ्यावर नव्हतं.

चौथाच दिवस. शिकवणाऱ्या बाई बाहेर येऊन म्हणाल्या की फळकुट धरून का होईना, मुलगी या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. सरळ.

वेणी पिळत बाहेर आली. मी विचारलं की हात किती लांबवला, खांद्यापासून की कोपरापासून, डब्याची कल्पना केली का. तिने टॉवेल घेतला. म्हणाली, “हाताकडे नाही पाहिलं, बाबा. समोरची भिंत पाहून राहिली होती.”

घरी येऊन चौथं प्रकरण पुन्हा वाचलं. समोरच्या भिंतीचा उल्लेख कुठेही नाही.

आतल्या खोलीत, माझ्या सगळ्यात वरच्या रेघेवर, यमूने स्टुलावर चढून खिळा ठोकला आहे. प्रेमलताचा ओला टॉवेल तिथे वाळत असतो. आज म्हटलं, आपणच काढून घडी करावी. डावा हात लावून पाहिला. पोचला नाही. टाचा उचलल्या. तरी नाही.

शेवटी प्रेमलताला हाक मारली. ती स्टूल घेऊन आली.